भूतानच्या रस्त्यावरचा डोसा आणि आपल्या टॅक्सचे पैसे

डोंगरवाटा (धागाकर्ता)

मंडळी, नुकताच भूतानला जाऊन आलो. प्रवासवर्णन टाकणार नाही, कारण एक म्हणजे तसे धागे ढिगाने आहेत आणि दुसरं म्हणजे चांगले फोटो सगळे बायकोच्या मोबाईलमध्ये आहेत आणि ती ते देत नाहीये. एक वेगळाच किडा डोक्यात घुसलाय, तो इथे सोडतो.

जयगावचं गेट ओलांडून फुंटशोलिंगवरून वर निघालो की थिंपूपर्यंत जागोजागी पिवळ्या पाट्या लागतात, 'प्रोजेक्ट दंतक'. म्हणजे आपलं बॉर्डर रोड्स, लडाखला असतात तेच. मधे दंतकचं कँटीन लागलं, तिथे चक्क मसाला डोसा मिळाला, सांबारासकट! बाहेर ढग खिडकीला टेकलेले, शेजारच्या टेबलावर घो (तिथला पुरुषांचा पोशाख) घातलेले दोन सरकारी बाबू डोसा खातायत आणि भिंतीवर आपला तिरंगा. मजा वाटली.

आमचा ड्रायव्हर तिशीतला, हिंदी फर्डं. म्हणाला, माझ्या आजोबांना थिंपूहून इथवर चालत यायला सहा दिवस लागायचे, हा रस्ता तुमच्या लोकांनी केला. मी उगाचच कॉलर ताठ केली, जसा काही मीच डांबर ओतलं होतं. मग दोन दिवसांनी पुनाखाहून वांगदूच्या खाली नदीकाठाने गेलो तर तिथे धरणाचं काम, अख्खा डोंगर सिमेंटने प्लास्टर केल्यासारखा दिसतो. तो म्हणाला, हेही तुमच्या लोकांचंच. मी सातवीत होतो तेव्हा सुरू झालं, आता माझी मुलगी शाळेत जाते. बोलण्यात राग नव्हता, टोमणा होता का तेही कळलं नाही.

तर प्रश्न असा की आपण ही जी 'मदत' देतो ती नक्की असते काय? दान? कर्ज? धंदा? चीनला लांब ठेवायची फी? जाणकारांनी प्रकाश टाकावा. राजकीय दंगा नको प्लीज.

कडूकारले

दंगा नको म्हटल्यावर मी यायलाच पाहिजे :)

सरळ सांगतो. आमच्या गावात मार्चपासून टँकर. तालुक्याच्या रस्त्यावर खड्डा कुठला आणि रस्ता कुठला हे फक्त एसटीच्या ड्रायव्हरला कळतं. आणि आपण दुसऱ्याच्या डोंगरात बोगदे खणून देतोय. घरचं झालं थोडं अन व्याह्याने धाडलं घोडं. आधी आपलं बघा मग शेजाऱ्याचं.

हिशेबनीस

@कडूकारले, तुमचा टँकर खरा आहे पण तो भूतानमुळे आलेला नाही. थोडे आकडे टाकतो.

२०२५-२६ च्या केंद्रीय बजेटमध्ये परदेशांना मदत या खात्यात भूतानला २,१५० कोटी आहेत. नेपाळ ७००, मालदीव ६००, मॉरिशस ५००. म्हणजे बाकीचे खूप मागे. भूतान वर्षानुवर्षं पहिल्या नंबरवर आहे. आता १४५ कोटी लोकांत वाटलं तर माणशी साधारण १५ रुपये वर्षाला, म्हणजे एक कटिंग चहा. पण हेच भूतानच्या बाजूने बघा. लोकसंख्या पावणेआठ लाख, आपलं एखादं मध्यम शहर. त्यांच्या डोक्यावर हे माणशी २७-२८ हजार रुपये होतात. आपल्याला चहा, त्यांना अख्ख्या घराचा बाजार. ही जी असमानता आहे ना तिच्यातच सगळी गंमत आणि सगळी भानगड.

आणि मुख्य म्हणजे त्या २,१५० मध्ये अनुदान आणि कर्ज दोन्ही आहे. बातमीत सगळ्याला मिळून 'मदत' लिहितात. सोसायटीच्या वॉचमनला बोनस दिला आणि उचल दिली तर दोन्ही एकाच रकान्यात लिहाल का?

याशिवाय त्यांच्या पंचवार्षिक योजनांना वेगळा आकडा जाहीर होतो. बाराव्या योजनेला साडेचार हजार कोटी होते, तेराव्या योजनेला, म्हणजे आत्ता चालू आहे तिला, १०,००० कोटी. दुपटीच्या वर. १९६१ ची त्यांची पहिली योजना तर सगळीच्या सगळी आपल्या पैशावर झाली होती, दुसरीसुद्धा. देशाचं प्लॅनिंग त्यांचं, चेकबुक आपलं.

पोहेवाला

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाचनखूण साठवली आहे.

जुना_टनेलवाला

या विषयावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण धाग्याचं नाव बघून डोसा आठवला आणि राहवलं नाही.

मी सिव्हिलवाला. सुरुवात कोयनेला झाली आणि नंतर एका ठेकेदार कंपनीकडून (नाव नको) भूतानमध्ये ताला जलविद्युत प्रकल्पावर होतो. १,०२० मेगावॅट. आपली कोयना सगळे टप्पे मिळून १,९६०, म्हणजे अंदाज येईल. तालाचा मुख्य बोगदा, हेडरेस, म्हणजे पॉवरहाउसकडे पाणी नेणारा, २३ किलोमीटरचा. तेवीस! हिमालय हा तरुण डोंगर आहे, आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट म्हणजे शहाणा म्हातारा, बोलून चालून वागतो. हिमालय तसा नाही. आज फेस (खणायची पुढची भिंत) चांगला दिसतोय म्हणून ब्लास्ट मारून जेवायला जावं आणि परत येऊन बघावं तर चिखलाचं पाणी आणि दगडाचा लगदा आत शिरलेला. चार महिने एकाच जागी उभे आहोत असंही झालं. पॉवरहाउसच्या गुहेत तर खडक धरून ठेवायला भिंतीत घातलेले रॉकबोल्ट ताणाने तुटायचे आणि बंदुकीच्या गोळीसारखे बाहेर उडायचे. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मला वाटलं कोणीतरी फटाका लावला. नंतर सगळे भिंतीपासून लांब चालायला शिकलो.

हे का सांगतोय, तर धागाकर्त्याला डोंगराला प्लास्टर केल्यासारखं जे दिसलं तो पुनातसांगछू-१ चा उजवा काठ. साइटवरचे लोक नुसतं 'पुना-वन' म्हणतात (हो, पुण्याचा संबंध नाही, मलाही फोनवर कित्येकांनी विचारलंय). १,२०० मेगावॅट. काम २००८ ला सुरू, जुलै २०१३ ला धरणाचा पाया खणताना उजवीकडचा डोंगरच खाली सरकायला लागला. तेव्हापासून त्याला बांधून ठेवणं चालूय. केबल अँकर, काँक्रीट, पाणी काढायच्या गॅलऱ्या, जे जे माहीत आहे ते सगळं. नंतरही तो परत हलला. खर्च ३,५१५ कोटींवरून ९,३७५ कोटींवर गेला. वीज अजून शून्य.

आता साइट ठरवताना चूक कोणाची, डीपीआरमध्ये (प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात) किती बोअरहोल मारले होते, यावर साइटवरच्या कँटीनमध्ये रात्र रात्र वाद व्हायचे म्हणे. त्यात मी पडत नाही. पण एक गोष्ट सांगतो जी बाहेर फार बोलली जात नाही. या प्रकल्पांची एक जॉइंट अथॉरिटी असते. चेअरमन भूतानचा मंत्री, पण मॅनेजिंग डायरेक्टर आपला. डिझाइन आपलं, सल्लागार आपले, मोठे ठेकेदार आपले, सिमेंट-स्टीलचे ट्रक सिलिगुडीकडून येणार, बोगद्यातले मजूर झारखंड-ओडिशाचे. भूतानचे तरुण इंजिनियर असायचे आमच्याबरोबर, हुशार पोरं, पण सहीचा पेन आपल्याकडे. तिथल्या एकाने मला एकदा विचारलं होतं, "सर, हे आमचं धरण आहे ना?" मी हो म्हटलं. तो हसला फक्त.

कडूकारले

काका, लिहिलंय भारी. पण म्हणजे आपलेच पैसे आपल्याच ठेकेदारांकडे परत आले ना? मग माझी तक्रार कमी झाली उलट. आवळा देऊन कोहळा काढला म्हणायचं. यात भूतानचं नुकसान काय?

हिशेबनीस

@कडूकारले, घोडं इथेच पेंड खातं.

पहिला मोठा प्रकल्प चुखा, ३३६ मेगावॅट, ऐंशीच्या दशकात झाला. खर्च २४६ कोटी. त्यात ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज, व्याज ५ टक्के. भूतानने कर्ज फेडलं, वीज आपल्याला विकली, त्यांच्या सरकारला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं धड उत्पन्न आलं. शाळा, दवाखाने बरेचसे त्यावर चालले. ही मदत. याला मी मदत म्हणेन, बिनशर्त.

ताला, पुन्हा ६०-४०, पण व्याज ९ टक्के.

पुनातसांगछू-१ ला उलटं झालं, ४० अनुदान आणि ६० कर्ज, व्याज १० टक्के. पुनातसांगछू-२ आणि मांगदेछूला ३०-७०, व्याज तेच. प्रकल्प मोठे होत गेले, अनुदानाचा वाटा लहान होत गेला आणि बातमीतला शब्द 'मदत' तोच राहिला.

आता वर काकांनी लिहिलेलं त्यात घाला. डोंगर सरकला, काम वर्षानुवर्षं अडलं. काम चालू असताना कर्जावरचं व्याज मुद्दलात चढत जातं, आणि १० टक्क्याने रक्कम सात-सव्वासात वर्षांत दुप्पट होते, हे गृहकर्ज घेतलेल्या कोणालाही सांगायला नको. साइट निवडली आपण, डिझाइन आपलं, एमडी आपला आणि उशिराचं मीटर पडतंय भूतानच्या खात्यात. बिल्डरने पझेशन दहा वर्षं लांबवलं तर हप्ता कोण भरतो? तसं. फरक एवढाच की इथे बिल्डर आणि बँक एकच आहे, आणि तो शेजारीही आहे, आणि तुमचा फ्लॅट तयार झाला की भाडेकरू म्हणूनही तोच येणार आहे, कारण वीज घेणारं गिऱ्हाईक दुसरं कोणी नाही.

भूतानचं सरकारी कर्ज त्यांच्या जीडीपीच्या शंभर टक्क्यांच्या वर आहे आणि त्यातलं निम्म्याहून जास्त जलविद्युतचं. बाजू मांडायची तर हेही लिहितो, की हे कर्ज रुपयात आहे, त्यांचं चलन ङुल्ट्रम रुपयाला एकास एक बांधलेलं आहे, त्यामुळे डॉलर वर गेला म्हणून गळफास बसत नाही. आणि प्रकल्प चालू झाला की तो स्वतःचं कर्ज फेडतो. मांगदेछू, ७२० मेगावॅट, २०१९ ला सुरू झाला, पहिला दर युनिटला ४ रुपये १२ पैसे ठरला, बरा चाललाय. पुनातसांगछू-२ चं उद्घाटन तर आत्ता नोव्हेंबर २०२५ मध्ये झालं. म्हणजे सगळंच बुडालं असं चित्र नाही. पण २००९ मध्ये दोन्ही देशांनी २०२० पर्यंत १०,००० मेगावॅटचं ठरवलं होतं, त्याच्या आसपासही कोणी पोचलेलं नाही.

गडकोट७७

तुम्ही सगळे वीज वीज करताय. नकाशा उघडा. चीनच्या ताब्यातलं चुंबी खोरं भूतान आणि सिक्कीमच्या मधे सुरीसारखं घुसलंय आणि खाली चिकन नेक, म्हणजे ईशान्य भारताला जोडणारी सिलिगुडीची चिंचोळी पट्टी. २०१७ चं डोकलाम विसरलात का? ती जागा भूतानची, रस्ता चीन बांधत होता, उभे राहिलो आपण. भूतानचे चीनशी आजही राजनैतिक संबंध नाहीत. हे १५ रुपयांत मिळत असेल तर मी ३० द्यायला तयार आहे. बाकी हिशेब वगैरे ठीक आहे.

थिंपूची_पाहुणी

गडकोटभाऊ, ३० रुपये द्याल हो, पण त्या बदल्यात काय मागाल तेही बघायला लागतं. मी सांगते काय पाहिलं ते.

आयडी थिंपूची असली तरी आम्ही राहायला फुंटशोलिंगला होतो, नवऱ्याच्या नोकरीमुळे. सगळा संसार गेटच्या अलीकडे-पलीकडे. भाजी जयगावातून, शिलाईवाला जयगावात, मुलाचा डॉक्टर इकडे. तिकडचे लोकही तसेच, कांदे-बटाटे-तेल सगळं भारतातून. सकाळी गेटावर दोन्हीकडून माणसांचा लोंढा. सीमा म्हणून काही जाणवायचीच नाही.

आणि मग जुलै २०१३. एक तारखेपासून गॅस आणि रॉकेलवरची भारताची सबसिडी बंद. सिलिंडर दुपटीच्या आसपास गेला. त्यांची दहावी पंचवार्षिक योजना ३० जूनला संपली होती, तिच्याबरोबर सबसिडीचा कागदही संपला, असं दिल्लीचं म्हणणं. असेलही. पण १३ जुलैला तिथे निवडणुकीची अंतिम फेरी होती! त्याच्या आदल्या वर्षी त्यांचे पंतप्रधान जिग्मे थिनले रिओला चीनच्या पंतप्रधानांना भेटले होते, ते दिल्लीला आवडलं नव्हतं हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायची (त्यांच्यात वयस्कर बाईला 'आंगे' म्हणतात), ती रिकामा सिलिंडर घेऊन रांगेत उभी होती, मी पण होते. तिने मला काही बोलली नाही हो. उलट माझा सिलिंडर धरायला नातवाला पाठवलं. पण रांगेत मागून कोणीतरी त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणालं आणि सगळे माझ्याकडे बघून गप्प झाले. मला त्या दिवशी पहिल्यांदा तिथे परकं वाटलं. मी काय केलं होतं? मी पण गॅससाठीच उभी होते.

थिनलेंचा पक्ष हरला, शेरिंग तोबगे यांचा पक्ष ४७ पैकी ३२ जागा घेऊन आला. नंतर सबसिडी पुन्हा सुरू झाली. आता कोणी म्हणेल निव्वळ योगायोग. आमच्या बाजारात तसं म्हणणारा मला कोणी भेटला नाही.

त्या आंगेचं एक वाक्य मात्र लक्षात आहे, नातवाने हिंदीत सांगितलेलं. देणारा हात वर असतो, त्यामुळे त्याला खालच्याचा चेहरा दिसत नाही, फक्त तळवा दिसतो.

कडूकारले

आंगे जिंकल्या. मी टँकर घेऊन मागे सरतो.

इतिहासाचा_उंदीर

पाहुणीताई, काटा आला.

मी थोडा मागे नेतो, कारण 'भूतानला पैसे देणे' हे नेहरूंपासून सुरू झालं असं सगळे धरून चालतात. पहिले पैसे इंग्रजांनी दिले आणि ते मदत म्हणून नव्हते. १८६४-६५ च्या युद्धात इंग्रजांनी भूतानकडून दुआर घेतले, डोंगराच्या पायथ्याची सगळी सुपीक पट्टी, आज जिथे बंगाल-आसामातले चहाचे मळे दिसतात ती. १८६५ च्या सिंचुला तहात त्याचे वर्षाला ५० हजार रुपये ठरले. १९१० च्या तहात परराष्ट्र धोरण इंग्रजांच्या सल्ल्याने चालवायचं कबूल करून घेतलं आणि रक्कम केली १ लाख. १९४९ ला स्वतंत्र भारताने नवा तह केला, रक्कम ५ लाख, देवनगिरीचा ३२ चौरस मैलांचा तुकडा परत दिला, पण 'परराष्ट्र बाबतीत भारताच्या सल्ल्याने' हे कलम ठेवलं. ते निघालं थेट २००७ ला. म्हणजे मूळ खातं बघा, जमिनीचं भाडं होतं ते. नंतर त्याच खात्याला अनुदान म्हणायला लागलो.

नेहरूंचा किस्सा मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९५८ साली ते भूतानला गेले तेव्हा सरळ रस्ताच नव्हता, म्हणून सिक्कीममधून नथुला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून पारोला पोचले. इंदिराजी बरोबर. पंतप्रधान वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी याकवर! तिथे त्यांनी जाहीर सांगितलं की भूतान स्वतंत्र राहावा हीच आमची इच्छा आहे. पुढच्याच वर्षी तिबेट पेटलं, ती वाट बंद झाली, आणि १९६१ ला दंतक उभं राहिलं. त्यामुळे गडकोट म्हणतात ते चूक नाहीच, रस्ता सुरू झाला तो भीतीपोटीच. पण त्याच रस्त्यावरून पुस्तकंही वर गेली आणि केरळचे मास्तरही.

अवांतर: त्या काळी रस्त्यावर भूतानच्या घराघरातून माणसं कामाला लागायची, सक्तीने. नुसतं 'भारताने बांधला' म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.

मांजरीकर

मी पुण्याचा, मांजरीला राहतो, म्हणजे सीरम इन्स्टिट्यूटच्या गेटपासून स्कूटरवर दहा मिनिटं (ट्रॅफिक नसेल तर, म्हणजे पहाटे चारला). त्यामुळे या धाग्यात माझाही दीड इंचाचा वाटा आहे.

जानेवारी २०२१, लशी बाहेर पाठवायला सुरुवात झाली तेव्हा २० तारखेला पहिल्या दिवशी ज्यांना गेल्या त्यात भूतान होता. दीड लाख डोस, इथून मुंबई विमानतळ आणि तिथून पारो. फुकट. इथे कंटेनर निघाले की आम्ही रस्त्याकडेला उभं राहून बघायचो, गणपती विसर्जनासारखं. आणि भूतानने काय केलं, तर त्या फ्रिजमध्ये ठेवून दिल्या! दोन महिने हात लावला नाही. एक तर महिना अशुभ होता, आणि दुसरं म्हणजे सगळ्यांना एकदम पुरतील एवढ्या आल्याशिवाय सुरू करायचं नाही असं ठरवलं. मार्चमध्ये आणखी ४ लाख गेल्या, मग २७ मार्चला पहिला डोस, तोही माकडाच्या वर्षात जन्मलेल्या बाईला, बाईच्याच हातून. आपण हसलो असतो. पण दोन आठवड्यांत ९० टक्क्यांहून जास्त मोठी माणसं टोचून मोकळे. आमच्या वॉर्डात तेव्हा टोकनसाठी मारामाऱ्या चालू होत्या.

पण पुढचं पण सांगायला पाहिजे. एप्रिलमध्ये आपल्याकडे दुसरी लाट आली, निर्यात बंद. भूतानचे दुसरे डोस लटकले. आपण तरी काय करणार, इथे ऑक्सिजन नव्हता, माझा मामेभाऊ गेला त्यात. शेवटी जुलैमध्ये अमेरिकेने मॉडर्नाचे ५ लाख पाठवले, डेन्मार्कने अडीच लाख अ‍ॅस्ट्राझेनेका, आणि पोरांनी आठवड्याभरात दुसरी फेरी उरकली. गंमत म्हणजे अमेरिकेशी भूतानचे राजनैतिक संबंधसुद्धा नाहीत.

मी कोणाला दोष देत नाहीये. एवढंच की एकाच घरचं पाणी भरायचं ठरवलं की त्या घराचा नळ गेला की तुमचाही गेला.

थिंपूची_पाहुणी

मांजरीकरदादा, भावाचं वाचून वाईट वाटलं.

एका घरावरून आठवलं. तिथे एका जपानी माणसाबद्दल लोक ज्या मायेने बोलतात ना, तसं मी कुठल्याच धरणाबद्दल ऐकलं नाही. केइजी निशिओका. १९६४ ला बायकोला घेऊन आला, जपान सरकारने शेतीतज्ज्ञ म्हणून पाठवलेला, आणि १९९२ ला तिथेच वारला. अठ्ठावीस वर्षं! पारोच्या खोऱ्यात एका छोट्या तुकड्यावर मुळे, कोबी, भाताच्या ओळी लावून दाखवल्या. पहिल्यांदा शेतकऱ्यांनी ऐकलं नाही, मग मुळ्याचा आकार बघून स्वतःच यायला लागले. नंतर दक्षिणेला झेमगांगच्या जंगलात गेला, तिथे झुलते पूल, पाण्याचे पाट, भातखाचरं, सगळं गावकऱ्यांच्या हाताने. राजाने त्याला 'दाशो' किताब दिला, परक्याला मिळणं म्हणजे फारच मोठी गोष्ट.

आमची भाजीवाली शतावरी विकायची, म्हणायची दाशो निशिओकाची भाजी. आपल्या २,१५० कोटींच्या नावाची भाजी आहे का एखादी?

हिशेबनीस

@पाहुणीताई, तुलना थोडी अन्यायाची होतेय. निशिओकांना झेमगांगला पोचायलासुद्धा कोणीतरी केलेला रस्ता लागला असेल. मुळ्याने देशाला उत्पन्न येत नाही, चुख्याने आलं. डिसेंबर २०२३ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रांच्या अतिमागास देशांच्या यादीतून बाहेर पडला, त्यात विजेचा वाटा मोठा आहे.

पण मुद्दा पोचला. तो त्यांच्या हातात काम ठेवून बाजूला उभा राहिला.

जुना_टनेलवाला

ताई, आमच्या तालाच्या नावाची भाजी नाही, पण साइटवर एक मराठी फोरमनने मिरचीचा ठेचा करून तिथल्या स्वयंपाक्याला शिकवला होता. तो त्यात चीज घालायचा. आम्ही विरोध केला नाही. तिथे तसंही मिरची हीच भाजी असते, एमा दात्शी, जेवायला बसलो की डोळ्यात पाणी आणि कोणी रडतंय का म्हणून विचारायचीही सोय नाही.

हिशेबनीस, तुमचं १० टक्क्यांचं वाचून मी काल रात्री जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणतो, वारं बदलतंय. आता सरकार-सरकार अथॉरिटीऐवजी भूतानची स्वतःची वीज कंपनी, ड्रुक ग्रीन, भागीदार शोधते, टाटा पॉवरबरोबर ६०० मेगावॅटचा खोर्लोछू चालू आहे, त्यात बहुतांश वाटा भूतानचा. नोव्हेंबर २०२५ ला ४,००० कोटींचं नवं कर्ज विजेसाठी जाहीर झालं आणि पुना-वनच्या धरणाचं काम पुन्हा धरायचंही ठरलं. म्हणजे तो डोंगर अजून आमच्या मानगुटीवर आहेच. शिवाय थंडीत त्यांच्या नद्या आटतात, तेव्हा तेच उलटे आपल्याकडून वीज विकत घेतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ज्या पोराने मला "आमचं धरण ना?" विचारलं होतं, त्याचाही पत्ता लागला. तो ऑस्ट्रेलियात आहे. पर्थला. त्यांच्याकडची शिकलेली पोरं हल्ली बरीच तिकडेच जातात. वेअरहाउसमध्ये नाइट शिफ्ट करतो म्हणे, इथल्यापेक्षा पगार कितीतरी जास्त. बोगद्याचं शिकवलेलं सगळं गेलं वाया. त्याचा नंबर मिळालाय, अजून फोन केला नाही. काय बोलायचं सुचत नाही.

पोहेवाला

काका, फोन करा. ठेच्याचं विचारा.

डोंगरवाटा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, दंगा न होता एवढे प्रतिसाद म्हणजे विक्रमच.

ड्रायव्हरला काल व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला, की धरणाचं काम परत सुरू होतंय असं इथे वाचलं, अभिनंदन. त्याने अंगठा पाठवला. मग दहा मिनिटांनी व्हॉइस नोट: "सर, मुलगी दहावीला जाईपर्यंत झालं तर सांगा." मागे ती खिदळत होती.

आणि हो, जुन्या टनेलवाल्या काकांसाठी, तुम्ही डोसा आठवला म्हणालात. बायकोने शेवटी एक फोटो दिला. कँटीनची पाटी, खाली मेनू, आणि काउंटरवरचा माणूस तिरका बघतोय, पंचावन्न-साठचा असेल, डोक्यावर लोकरीची टोपी, डाव्या भुवईवर खूण. तुमच्या वेळचाच का?

जुना_टनेलवाला

टोपी तीच आहे. माणूस बदललाय.